बँडिंग दिसलं की आधी फूटपट्टी हातात घ्या

वाइड-फॉरमॅट मशीनवर, म्हणजे रुंद फलक छापणाऱ्या इंकजेट मशीनवर, नव्याने बसलेल्या माणसाला छपाईत आडवे पट्टे, म्हणजेच बँडिंग, दिसले की त्याचा हात दोनपैकी एका गोष्टीकडे जातो. एक तर तो हेड क्लीनिंग मारतो, म्हणजे शाई सोडणारं हेड साफ करतो, नाहीतर बायची (दोन्ही दिशांनी छपाई) सेटिंग युनि (एकाच दिशेने) करतो. दोन्ही उपाय खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या दुखण्यांवरचे आहेत. दुखणं न ओळखता औषध दिलं की शाई जाते, मीडिया (ज्यावर छापतो तो कागद किंवा व्हिनाइल) जातो, आणि पट्टे तिथेच राहतात.

म्हणून कुठलंही बटण दाबण्याआधी स्टीलची फूटपट्टी घ्या आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजा. चूक नोझलमध्ये (हेडवरची शाईची बारीक छिद्रं) आहे, फीडमध्ये (मीडिया पुढे सरकवणं) आहे, दिशेत आहे की रोलरमध्ये, याचं निम्मं उत्तर त्या अंतरातच असतं. उरलेलं निम्मं दिशा बदलून बघितल्यावर मिळतं. ह्या दोन तपासण्या कशा करायच्या आणि त्यानंतर कशाला हात लावायचा, ते क्रमाने सांगतो.

आधी स्टेपचा आकडा काढा

हेड आडवं धावतं आणि मीडिया पुढे सरकतो. उदाहरण म्हणून एप्सनचं डीएक्स 5 हेड घेऊ. त्यात नोझलच्या 8 रांगा आहेत, एका रांगेत 180 नोझल, आणि रांगेची उंची साधारण 1 इंच, म्हणजे 25.4 मिमी. इंचाला 180 नोझल असल्यामुळे एका फेरीत फीडच्या दिशेने 180 डीपीआयच (इंचाला ठिपके) मिळतात. 720 डीपीआय हवे असतील तर त्याच जागेवरून हेडला किमान 4 वेळा जावं लागतं. हेच 4 पास. प्रत्येक पासनंतर मीडिया हेडच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणजे 6.35 मिमी सरकतो. 8 पास ठेवले तर हेच सरकणं 3.175 मिमी होतं. ह्या सरकण्याला स्टेप म्हणतात.

तुमच्या मशीनच्या हेडची उंची मॅन्युअलमधून काढा आणि तिला पासच्या संख्येने भागा. दोन हेड खाली-वर बसवलेली असतील तर दोघांची मिळून उंची धरा. नेहमीच्या प्रत्येक मोडसाठी हा आकडा लिहून मशीनवर चिकटवून ठेवा. पुढचं सगळं निदान ह्या आकड्यावर उभं आहे.

बाय आणि युनि यांत नेमका काय फरक पडतो

बाय-डायरेक्शनमध्ये हेड जाताना छापतं आणि येतानाही छापतं. युनि-डायरेक्शनमध्ये एकाच दिशेने छापतं, परतीची फेरी कोरी असते. त्यामुळे युनिला वेळ जवळपास दुप्पट लागतो. काही मशीन परतीची फेरी जोरात मारतात, तिथे थोडा कमी लागतो. वेळेचा हिशोब सगळ्यांना ठाऊक असतो. दर्जा का बदलतो, हे मात्र फारसं कुणी नव्या माणसाला समजावून सांगत नाही. त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण थेंबाच्या उडण्याचं. थेंब सुटतो तेव्हा हेड धावत असतं, त्यामुळे थेंब सरळ खाली न पडता हेडच्या दिशेने थोडा पुढे जाऊन पडतो. हेड सेकंदाला 1 मीटर धावतंय, थेंबाचा वेग सेकंदाला 6 मीटर आहे आणि हेड-मीडियातलं अंतर 2 मिमी आहे असं धरा. थेंब 0.33 मिमी पुढे पडेल. परतीच्या फेरीत तो तेवढाच उलट्या बाजूला पडेल. म्हणजे दोन फेऱ्यांत 0.67 मिमीचा फरक. बायचं अलाइनमेंट करतो तेव्हा आपण हाच फरक मशीनला सांगतो आणि मशीन तो भरून काढतं. आता जाड मीडिया लावला किंवा हेडची उंची अर्ध्या मिलिमीटरने बदलली, तर हिशोब 0.17 मिमीने चुकतो. 720 डीपीआयला एका ठिपक्याची जागा 0.035 मिमी असते. म्हणजे जवळजवळ पाच ठिपक्यांची चूक! बारीक अक्षरांना सावली पडल्यासारखी दिसते ती यामुळेच. युनिमध्ये सगळे थेंब एकाच बाजूला सारखेच सरकतात, म्हणून ही चूक दिसत नाही.

दुसरं कारण रंगांच्या क्रमाचं. हेडवर रंग एका ओळीत बसवलेले असतात. जाताना सायन आधी पडत असेल आणि त्यावर मॅजेंटा, तर येताना मॅजेंटा आधी आणि त्यावर सायन. शाईचं प्रमाण तेच, पण डोळ्याला रंग तोच दिसत नाही. गडद निळा किंवा जांभळा सपाट रंग बायमध्ये छापा आणि हातभर अंतरावरून बघा: एक पट्टा जांभळट, पुढचा निळसर, परत जांभळट. काही मशीनमध्ये रंग मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे लावलेले असतात. तिथे दोन्ही फेऱ्यांत क्रम सारखाच राहतो आणि ही अडचण येत नाही.

तिसरं कारण वाळण्याचं, आणि हे सर्वांत जास्त चकवतं. हेड उजव्या टोकाला पोहोचून वळतं तेव्हा उजव्या कडेवर पुढचा थर लगेच पडतो. डाव्या कडेवरचा थर मात्र हेड जाऊन परत येईपर्यंत वाळत राहतो. पुढच्या वळणावर हे उलटं होतं. मध्यभागी दोन थरांमधला वेळ नेहमी सारखा असतो. त्यामुळे मधे छपाई स्वच्छ आणि दोन्ही कडांना मात्र आलटून-पालटून पट्टे, असं चित्र दिसतं. असं दिसलं तर नोझलवर संशय घेऊ नका.

फूटपट्टीचं गणित

मोजताना एकच अंतर मोजू नका. दहा पट्टे मोजा, पहिल्यापासून अकराव्यापर्यंतचं अंतर घ्या आणि दहाने भागा. एका पट्ट्यावर नजर चुकते, दहांवर चुकत नाही.

अंतर एका स्टेपएवढं आलं तर दोष फीडचा आहे किंवा नोझलचा. 4 पासच्या आपल्या उदाहरणात हे 6.35 मिमी. फीड चुकलं तर प्रत्येक स्टेपला तीच चूक होते, आणि एखादं नोझल बंद असेल तर तेही प्रत्येक स्टेपला तीच जागा कोरी सोडतं. म्हणून दोघांचं अंतर सारखंच येतं.

अंतर दोन स्टेपएवढं आलं, म्हणजे 12.7 मिमी, तर दोष दिशेशी जोडलेला आहे. जाण्याचा पट्टा आणि येण्याचा पट्टा मिळून एक जोडी होते आणि ती जोडी दर दोन स्टेपला परत येते. रंगांचा क्रम आणि कडांचं वाळणं, दोन्ही इथेच सापडतात.

अंतर यापेक्षा बरंच मोठं असेल आणि स्टेपशी जुळत नसेल, तर फिरणाऱ्या भागाकडे वळा. माझ्या हाताखालच्या एका मशीनवर निळ्या बॅकग्राउंडचं काम चालू होतं आणि दर काही अंतरावर एक फिकट पट्टा येत होता. फीड वाढवलं, कमी केलं, तीन वेळा क्लीनिंग झालं, दुपार संपली. शेवटी मोजलं तर अंतर साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर. फीड रोलरचा व्यास 25 मिमी होता, 3.14 ने गुणलं तर 78.5. म्हणजे रोलरच्या प्रत्येक फेऱ्याला एक पट्टा. रोलर हाताने हळूहळू फिरवून बघितला, तर व्हिनाइलच्या गोंदाचा नखाएवढा वाळलेला थर त्याला चिकटलेला होता. तो काढल्यावर पुढचं काम स्वच्छ निघालं. तेव्हापासून मी मोजल्याशिवाय कशालाच हात लावत नाही.

पट्टे आडवे नसून फीडच्या दिशेने उभे जात असतील तर वरचं गणित लागू नाही. त्याविषयी खाली वेगळं लिहिलं आहे.

तपासणीची फाइल

ही फाइल एकदाच बनवा आणि जपून ठेवा. रुंदी मीडियाची पूर्ण रुंदी, लांबी निदान 300 मिमी. त्यात शेजारी-शेजारी सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा यांचे 50 टक्क्यांचे सपाट चौकोन ठेवा. त्यांच्यापुढे पूर्ण रुंदीचा एक निळा पट्टा ठेवा, सायन आणि मॅजेंटा दोन्ही भरपूर असलेला. शेवटी काही बारीक उभ्या रेघा आणि 6 पॉइंटची थोडी अक्षरं.

पूर्ण रुंदी का, तर कडांचं वाळणं छोट्या तुकड्यावर दिसतच नाही. वेगळे रंग का, तर फीडचा दोष चारही रंगांत एकाच ओळीत दिसतो, नोझलचा दोष फक्त त्याच्या रंगात दिसतो. वर एका स्टेपच्या अंतरावर अडकलेला प्रश्न इथे सुटतो.

आता क्रमाने

1. मीडिया लावा, हीटर चालू करा आणि तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. इको-सॉल्व्हंट शाईला छपाईआधीचा हीटर आणि प्लॅटन (हेडखालचा सपाट भाग) साधारण 35 ते 45 अंशांच्या आसपास असतात. नेमका आकडा शाई आणि मीडियाप्रमाणे ठरवा. गरम झाल्यावर मीडिया ताणतो, सैल होतो, म्हणून थंड मशीनवर केलेलं फीड अॅडजस्टमेंट अर्ध्या तासात चुकीचं ठरतं.

2. हेडची उंची ठरवा. मीडियाला न घासता जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवा. वरचं थेंबाचं गणित आठवा: अंतर वाढलं की प्रत्येक चूक वाढते.

3. नोझल चेक घ्या आणि भिंगाखाली बघा. 10 पटीचं साधं भिंग पुरतं.

4. बायचं अलाइनमेंट करा. नोझल चेक स्वच्छ नसेल तर ही पायरी करण्यात अर्थ नाही.

5. सगळ्यांत शेवटी फीड. हेडच्या उंचीनंतर, उष्णतेनंतर आणि त्याच मीडियावर.

6. मग तपासणीची फाइल एकदा बायमध्ये आणि एकदा युनिमध्ये छापा. पास, हीटर, प्रोफाइल (रंगांची सेटिंग) यांतलं काहीही बदलू नका. फक्त दिशा बदला.

सहावी पायरी कधीही गाळू नका. युनिमध्ये पट्टे गेले तर दोष अलाइनमेंटचा, रंगांच्या क्रमाचा किंवा वाळण्याचा. युनिमध्येही तसेच राहिले तर फीड, नोझल किंवा रोलर. फूटपट्टीने सांगितलेलं आणि दिशेने सांगितलेलं जुळलं की मग खुशाल हत्यारं काढा. जुळलं नाही तर बहुधा दोन दोष एकत्र आहेत. अशा वेळी आधी नोझलचा दोष सोडवा, मग फीडचा.

फीड कसं बसवायचं

पट्ट्यांच्या जागी पांढरी रेघ दिसत असेल तर मीडिया गरजेपेक्षा जास्त सरकतोय. गडद रेघ दिसत असेल तर कमी सरकतोय आणि दोन पास एकमेकांवर चढतायत. मुख्य नियम एवढाच.

मोठी चूक मोजून काढता येते. 500 मिमी अंतरावर दोन रेघा छापा आणि त्यांच्यातलं खरं अंतर मोजा. 499 मिमी भरलं तर 500 भागिले 499, म्हणजे फीड 0.2 टक्क्यांनी वाढवायला हवं. छोटी वाटते ना ही चूक? 6.35 मिमीच्या स्टेपवर ती 0.013 मिमी होते, ठिपक्याच्या जागेचा तिसरा हिस्सा. सपाट करड्या रंगात एवढीही दिसते. त्याखालची बारीक दुरुस्ती डोळ्यानेच करावी लागते: 0.05 टक्क्यांच्या पायऱ्यांनी वर-खाली करत तोच करडा चौकोन छापत जा आणि पांढरी रेघ गडद होण्याच्या सीमेवर थांबा.

फीड मीडियाप्रमाणे बदलतं हे पक्कं लक्षात ठेवा. व्हिनाइलवर बसवलेला आकडा फ्लेक्सला चालत नाही. रोल नवा आणि जड असतो तेव्हाची ओढ आणि तो संपत आल्यावरची ओढ सारखी नसते. टेक-अप (छापलेला मीडिया गुंडाळणारा भाग) जोरात ओढत असेल तरी फीड जास्त होतं. त्यामुळे लांब काम सुरू करण्याआधी टेक-अप लावूनच कॅलिब्रेशन करा, मोकळ्या मीडियावर नको. पिंच रोलरचा (मीडिया दाबून धरणारी चाकं) दाब सगळीकडे सारखा आहे ना, तेही बघा. एका बाजूला पांढरी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गडद रेघ दिसत असेल तर मीडिया तिरका चाललाय. तिथे फीडच्या आकड्याने काहीच होणार नाही, रोल काढून सरळ लावा.

नोझलचा दोष

नोझल चेकमध्ये तुटलेली रेघ म्हणजे बंद नोझल. तिरकी झालेली रेघ म्हणजे वाकडं उडणारं नोझल. वाकड्या नोझलमुळे छपाईत एक फिकट रेघ आणि तिला लागूनच एक गडद रेघ दिसते, कारण थेंब आपली जागा सोडून शेजाऱ्याच्या जागी जाऊन पडतो.

एक साधं क्लीनिंग करा, परत चेक घ्या. दुसरं करा, परत घ्या. दोनदा करूनही सुटलं नाही तर थांबा. सलग क्लीनिंग मारत बसलं की डँपरमध्ये (हेडच्या आधीची शाईची छोटी कुपी) हवा शिरू शकते आणि एका नोझलच्या जागी दहा बंद पडतात. वीसेक मिनिटं मशीनला विश्रांती द्या, तेवढ्यात कॅपची (हेडचं झाकण) कड आणि वायपर (हेड पुसणारी पट्टी) स्वच्छ करा. आत हात घालण्याआधी मॅन्युअलप्रमाणे मशीन मेन्टेनन्स मोडला किंवा बंद करा आणि हातमोजे घाला.

दोन चेकमध्ये प्रत्येक वेळी तीच नोझल बंद दिसत असतील तर ती चोंदलेली किंवा मेलेली आहेत. दर वेळी वेगळी बंद दिसत असतील तर हवा, डँपर किंवा कॅप यांकडे बघा. सुरुवातीचा अर्धा मीटर छान निघतो आणि मग रंग विरत जातो, ही वेगळीच तक्रार आहे: शाई हेडपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. ती पकडायची असेल तर नोझल चेक काम सुरू करताना नको, पट्टे दिसल्याच्या क्षणी काम थांबवून लगेच घ्या. थोडा वेळ गेला की शाई परत भरते आणि चेक निर्दोष येतो.

वाळण्याचा दोष

शाई जास्त, उष्णता कमी, की थेंब वाळण्याआधीच एकमेकांत मिसळतात आणि पट्ट्याच्या कडेला जमा होतात. प्लॅटनचं तापमान दोन-तीन अंशांनी वाढवून बघा. मीडिया फुगायला लागला तर लगेच मागे या, कारण फुगलेला मीडिया हेडला घासतो. दुसरा मार्ग रिपमधला (फाइल छपाईसाठी तयार करणारं सॉफ्टवेअर): चार रंग पूर्ण भरले तर एकूण 400 टक्के शाई होते. एकूण मर्यादा 300 असेल तर 270 करून बघा. बहुतेक गडद रंगांत फरक कळतही नाही. तिसरा मार्ग पास वाढवण्याचा, म्हणजे प्रत्येक फेरीत थोडीच शाई पडते.

यूव्ही मशीनवर (जिथे शाई अतिनील दिव्याने वाळते) रंग सारखा असूनही चमक वेगळी दिसते. समोरून काही कळत नाही, पत्रा दिव्याखाली तिरपा धरला की मॅट-ग्लॉस असे पट्टे उठून दिसतात. थेंब पडल्यावर किती वेळाने त्यावर दिवा आला, यावर ती चमक ठरते. इथे युनि करून हेडच्या मागून येणारा एकच दिवा चालू ठेवला की वेळ सगळीकडे सारखा होतो.

उभे पट्टे

मीडियाच्या कडेपासून नेहमी त्याच अंतरावर उभा पट्टा येत असेल तर एन्कोडर पट्टी तपासा. हेड कुठे आहे हे मशीनला त्या पारदर्शक पट्टीवरच्या सूक्ष्म रेघांवरून कळतं. तिच्यावर शाईचा धूर किंवा ग्रीसचा डाग बसला की मोजणी चुकते. मशीन बंद करून, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने, हलक्या हाताने पुसा. शाईचं क्लीनर तिला लावू नका, रेघाच पुसल्या जाण्याचा धोका असतो. मीडियाला सुरकुत्या असतील तर पट्टे त्या सुरकुत्यांच्या जागी दिसतात, तिथे उष्णता आणि ओढ बघा.

मग दिशा कुठली ठेवायची

लांबून बघायचा फलक, गजबजलेलं छायाचित्र, मेश, लांबलचक काम असेल तर बाय. अलाइनमेंट नीट असेल तर अशा कामाला युनि लावणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे. हातभर अंतरावरून बघायचा सपाट निळा, जांभळा, हिरवा, बारीक अक्षरांचा फलक, खडबडीत कॅनव्हास किंवा हेड उंच ठेवावंच लागेल असा जाड मीडिया असेल तर युनि.

खरा प्रश्न पडतो तो पुढे. 4 पास युनि आणि 8 पास बाय यांना वेळ जवळपास सारखाच लागतो. मग कुठलं घ्यायचं? पट्टे दोन स्टेपच्या अंतरावर असतील, तर 4 पास युनि. पट्टे एका स्टेपच्या अंतरावर असतील, तर 8 पास बाय. तिथे युनि करून काहीच मिळत नाही, पण जास्त नोझलांमध्ये चूक वाटली जाते आणि ती दिसेनाशी होते. अनेक मशीनमध्ये पासची सरळ कड मोडून नागमोडी किंवा विखुरलेली करण्याची सोयही असते, म्युटोचं इंटेलिजंट इंटरवीव्ह किंवा मिमाकीचं मॅप्स यांसारखी. ती चालू ठेवा, पण कॅलिब्रेशन करताना बंद करा. नाहीतर ती चूक झाकते आणि तुम्हाला मोजता येत नाही.

दिशा बदलली की रंग थोडा बदलतो, म्हणून बायमध्ये बनवलेलं प्रोफाइल युनिला वापरू नका. दोन्हींसाठी वेगळी प्रोफाइल ठेवा आणि नावातच दिशा लिहा. अर्धं काम बायमध्ये झाल्यावर उरलेलं युनिमध्ये काढायचं तर कधीच नाही. दोन तुकडे शेजारी लावले की फरक लगेच दिसतो.

आणि काम अनेक पॅनेलमध्ये जोडायचं असेल तर एक गोष्ट रिपमध्येच करून टाका: एकाआड एक पॅनेल 180 अंशांत फिरवून छापा. मशीनच्या डाव्या आणि उजव्या कडेचा रंग थोडा वेगळा पडतोच. असं फिरवलं की प्रत्येक जोडावर मशीनची एकच बाजू समोरासमोर येते, डावीला डावी आणि उजवीला उजवी, आणि सांधा डोळ्यात भरत नाही. पॅनेल कापण्याआधी मागे पेन्सिलने क्रमांक आणि वरची बाजू लिहायला मात्र विसरू नका.